फ्रान्सातली पंगत आणि आबांची माळ

माणूस घाबरला की त्याच्याजवळ किस्से साचतात, असं माझं मत आहे. निवांत जेवलेल्या जेवणाचं कोण काय सांगणार? आम्ही फ्रान्सातल्या हॉटेलांत जेवलो ते जीव मुठीत धरून. म्हणून आजही कोणी "सेक्रेटरी, ते फ्रान्सचं सांगा ना" म्हटलं, की आधी ती भीती आठवते, मग हसू येतं.

महाराष्ट्र होऊन चार-दोन वर्षं झाली होती. आमच्या धामणगाव बढ्याकडं सहकारी सूतगिरणी काढायचं घाटत होतं. यंत्रं दाखवायला फ्रान्सातल्या एका कंपनीनं आम्हाला बोलावलं. निघालो चौघं. चेअरमन आबा, गळ्यात तुळशीची माळ, आयुष्यात अंड्याला हात न लावलेले. शालिग्रामभाऊ, कापसाच्या जिनिंगवाले, गावात वाघ आणि बाहेर शेळी. शेतकी खात्यातले गवई, रोहिणखेडचे, शिकलेले. घरच्यांनी थोड्याच वर्षांपूर्वी बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेली. आणि इंग्रजी येतं म्हणून मी, नियोजित गिरणीचा सेक्रेटरी.

मलकापूर स्टेशनवर काकूंनी, म्हणजे आबांच्या मंडळींनी, मला बाजूला घेतलं. "सेक्रेटरी, तोंडात चुकून काही गेलं तं हे अन्न सोडून जीव देतीन. यायची माळ तुमच्या हवाली हाय." गाडी हलली तरी त्या माझ्याकडंच पाहत होत्या.

*

पहिल्याच दिवशी मोठ्या हॉटेलात नेऊन बसवलं. पांढरं टेबल, चांदीचे चमचे, काळ्या कोटातला वेटर. सूप आलं. आम्ही हात मांडीवर ठेवून बसलो.

आता आपल्याकडं पान पूर्ण वाढल्याशिवाय आणि वडीलधाऱ्यानं पहिला घास घेतल्याशिवाय कोणी जेवतं का? आबा पोळीची वाट पाहत होते आणि आम्ही आबांची. वेटर थोडा वेळ थांबला, सूप आवडलं नाही असं समजून घेऊन गेला. मग बटाटे आले. आबा म्हणाले, "वरण येऊ द्या." बटाटेही गेले. एकेक पदार्थ येत होता आणि आमचं तोंड पाहून परत जात होता.

शेवटी कॉफी आली, तेव्हा शालिग्रामभाऊ बारीक आवाजात म्हणाले, "आबा, पंगत उठली वाटते."

घरून आणलेला चिवडा त्याच दिवशी संपला.

*

कंपनीनं दिलेला दुभाष्या कारखान्यापुरता. हॉटेलात आमचे आम्ही, आणि माझं इंग्रजी तिथं कोणालाच कळत नव्हतं. मी वेटरला 'नो मीट' सांगायचो, तो हसून मान हलवायचा. त्या हसण्याची मला फार धास्ती वाटायची.

एकदा मटारची उसळ आली, मधे गाजरासारखे लालसर तुकडे. आबांचा चेहरा खुलला. "आपल्यातलं काही दिसलं बाप्पा." त्यांनी चमचा भरला, तोंडाशी नेला, आणि गवईंनी झडप घालून त्यांचं मनगट धरलं.

"आबा, थांबा. ते गाजर नाही. डुकराचं हाय."

चमचा पडला. तरी गवईंनी मनगट सोडलं नव्हतं.

त्या दिवसापासून आबांनी सगळंच बंद केलं. पाव तेवढा उरला होता, तर शालिग्रामभाऊ म्हणाले, "पावात अंडं टाकतेत म्हणे." झालं. मग नुसती केळी आणि काळी कॉफी. एका सकाळी कारखान्यात यंत्र पाहता पाहता आबा मटकन खाली बसले. मी खरंच घाबरलो. माळ आणली आणि माणूस ठेवून आलो, असं काकूंना सांगायची पाळी येणार, असं वाटायला लागलं.

*

दुपारी टेबलावर गवईच बोलले. "आबा, मले सारं चालते. मी आधी चाखतो. मटण, चरबी, अंडं, जिभेवर आलं की समजते. मी हो म्हटलं तरच तुम्ही खा."

शालिग्रामभाऊ माझ्याकडं पाहायला लागले. आबांच्या ओसरीवर गवईंना पाणी वरून ओंजळीत ओतायचे, हे आम्हा चौघांनाही ठाऊक होतं.

गवईंनीच विचारून टाकलं. "पण माझं उष्टं तुमच्या माळेले चालन काय, आबा?"

आबांनी बशी गवईंपुढं सरकवली. मग म्हणाले, "भूक लागली बे. चाख आधी. मंग बोलू."

गवईंनी एक घास खाल्ला. "बटाटा हाय, लोणी हाय. खा." बशी सरकवली. आबा जेवत होते आणि डोळे पुसत होते. आम्ही तिकडं पाहिलं नाही.

*

मग रोजचंच झालं. गवई चाखायचे, कधी "हो", कधी "नको, दारू टाकली हाय", आणि आबा मुकाट ऐकायचे.

एके दिवशी दुभाष्या हसत आला. हॉटेलच्या मालकानं त्याला विचारलं होतं, हा कोणत्या संस्थानाचा राजा? विषाच्या भीतीनं चाखणारा माणूस सोबत घेऊन फिरतो! त्या दिवसापासून आम्हाला खिडकीजवळचं टेबल, आणि आबा आत आले की मालक कमरेत वाकायचा.

"पाह्य गवई," आबा म्हणाले, "तुझ्यापायी मले मुजरा."

गवई म्हणाले, "गावाकडं गेल्यावर आठवण ठेवा."

*

परतीच्या गाडीत भुसावळ सोडलं आणि गाव आठवलं. "गावात ब्र काढायचा नाही," शालिग्रामभाऊ पुन्हा पुन्हा बजावत होते. "आबाले वाळीत टाकतीन." आबांचं 'मंग बोलू' ते काही झालंच नव्हतं, आणि गवईंनीही आठवण करून दिली नाही.

आबांच्या अंगणात मांडव घालून सत्काराचं जेवण ठेवलं होतं. गवई येत नव्हते, मीच ओढून आणलं. त्यांचं पान मांडवाबाहेर बैलगाडीजवळ मांडलेलं होतं. ते तिथं जाऊन बसले. मला ते दिसत होतं, पण मीही आपल्या पानावर जाऊन बसलो.

पुरणपोळी, वडे, भात, वरण, सगळं वाढून झालं. 'पुंडलिक वरदा' झालं. सारा गाव हात मांडीवर ठेवून आबांच्या पहिल्या घासाची वाट पाहायला लागला. आबांनी हात उचलला नाही.

शालिग्रामभाऊ आबांना डोळ्यांनी खुणावायला लागले.

काकू तुपाचं भांडं घेऊन आल्या. "काऊन थांबले हो? सारं तं वाढलं."

आबा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "गवईले माझ्याजवळ बसवा. त्यानं चाखलं नाही अजून."