डाळवाल्याच्या घरातलं वरण

माझी सासू नीलम्मा. आम्ही तिला आत्या म्हणतो. मुरुडात आमचं डाळीचं दुकान. बाजारात वीरण्णा डाळवाले म्हणलं की शेंबडं पोरगंबी घर दावतंय. वीरण्णा म्हंजे माझे सासरे. त्यांच्या घरातली बाई उपाशी हाय, असं कुणी म्हणलं असतं तर मी तिथंच विचारलं असतं, डोळे फुटले का रे तुझे? आत्या एवढी जाड, की दारातून आडवी व्हायची तवा आत यायची!

पण डॉक्टरनं म्हणलं की ओ तसंच.

लातूर जिल्हा झाल्यानंतरची गोष्ट. दुष्काळाचं दुसरं वरीस. आत्याची छाती रोज जळायची, आडवं पडलं की घशाशी आंबट यायचं. गल्लीतल्या बाया हसायच्या, "डाळवाल्याची बायको हाय, खाती दाबून." एक दिवस टँकरपाशी भरली कळशी उचलताना आत्या धाडकन पडली. मामांनी, म्हंजे सासऱ्यांनी, तिला लातूरला नेलं. मी संगं गेले.

डॉक्टरनं तिच्या पायावर अंगठा दाबला. खळगा पडला, तो भरंचना. मग म्हणाले, "वजन उतरल्याशिवाय जळजळ थांबायची नाही. पण नुसतं खाणं तोडून चालणार नाही, अंगात प्रोटीनच नाही. असंच चाललं तर बाई अंथरुणाला खिळतील. घरी यांना डाळ मिळते का?"

मामा ताडकन उठले. "डाळ? साहेब, माझं डाळीचं दुकान हाय!"

"मग यांनाच विचारा, काय खातात."

आत्या पदराचं टोक पिळत म्हणाली, "उरलंसुरलं."

अगं माय! आमच्या लिंगायतांत अन्न म्हंजे प्रसाद. कण टाकायचा न्हाई, ताट धुऊन ते पाणीबी प्यायचं. आन् लिंगपूजा झाल्याबिगर सैपाकाची चव घ्यायची न्हाई. बहात्तरच्या दुष्काळात आत्यानं एक रीत पाडली, ती कधी मोडलीच न्हाई. आधी पुरुष, मग पोरं, मग मी. "तू लेकुरवाळी, तू बस आधी," म्हणायची. वरण सरत आलं की तांब्याभर पाणी ओतायची. तिच्या वाट्याला तेच पाणी, भाताचा ढीग, शिळी भाकर, भाजीवरची तेलकट तर्री. टाकायचं न्हाई म्हणून सगळं एकदम पोटात, तेबी लई उशिरा, आन् लगीच आडवी. वजन तेच्यानं, जळजळबी तेच्यानं. दुकानात डाळीची पोती छताला टेकलेली आन् घरची बाई इतकी वर्षं डाळीचं पाणी पिऊन राहिली होती!

पुढं सगळं सुधरलं. थोडं थोडं, येळेवर जेवण, तेल-तिखट बंद, वाटीभर घट्ट वरण, उकडलेली मटकी, दही. वजन उतरलं, छातीबी शांत झाली. पण लातूरहून परतलो ती पहिली सांज माझ्या डोळ्यांपुढून जात न्हाई.

दिवेलागणीला मामांनी पूजा आटोपली, पण ताटावर बसंनात. म्हणाले, "नीलम्मा, आधी तू बस."

"अवो, काय तरीच! तुम्ही उपाशी आन् मी जेवू?"

"तू जेवल्याबिगर मी प्रसादाला हात लावणार न्हाई."

आत्याचा नाइलाज झाला. ती अवघडून बसली. मामांनी सोता पळी घेतली आन् मुगाचं घट्ट वरण तिच्या वाटीत वाढलं. ह्या माणसानं कधी पाण्याचा तांब्या उचलला नव्हता. आम्ही सगळे बघतच राहिलो.

आत्यानं एक घास घेतला आन् थांबली. पुन्हा जळजळलं वाटतं, म्हणून माझा नवरा मन्मथ पाणी आणायला पळाला.

"शिवकांता, आज ह्यात काय घातलीस गं?" आत्यानं मला विचारलं.

"काय न्हाई, आत्या. हळद आन् मीठ. रोजचंच हाय."

आत्या वाटीकडं बघत राहिली. "रोज असं लागतंय व्हय वरण?"

मामांनी पळी खाली ठेवली आन् भिताडाकडं तोंड केलं.