तिला यातलं काही कळत नाही

“ओ बाई, फरशीवर खळ सांडलीय. पुसून घ्या,” विभागप्रमुख म्हणाले. बाई म्हणजे माझी आई. मी म्हणालो, “ती पुसणार नाही.”

ही गोष्ट मी सभांमधून पुष्कळदा सांगितली. टाळ्या घेतल्या. त्याच्या जरा आधी काय झालं, ते मात्र आजवर कुणाला सांगितलं नाही. बायकोलासुद्धा नाही.

बहात्तरचा दुष्काळ नुकताच मागं पडला होता. मी सोलापुरात मेकॅनिकल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला. आमचं घर सांगोल्याकडचं, धनगराचं, घोंगड्या विणणारं. विणायच्या आधी लोकरीच्या ताण्याला, म्हणजे ताणून धरलेल्या उभ्या धाग्यांना, चिंचोक्याची खळ लावतात, नाहीतर धागा तुटतो. आई उन्हात वाकून कुंच्यानं खळ लावायची. उठताना कंबर धरायची. तिच्यासाठी मी यंत्र केलं. दोन लाकडी रूळ, सायकलची चेन, फिरवायला दांडा. रुळांना तिच्याच जुन्या घोंगडीचे तुकडे गुंडाळले.

विद्यार्थ्यांच्या संशोधनाला बक्षीस होतं. मी यंत्र विभागप्रमुखांना दाखवलं. ते म्हणाले, “हे संशोधन नव्हे. हा तुमच्या जातीचा धंदा.”

पुढं तेच यंत्र संशोधन झालं. वर्गात संस्थेच्या एका विश्वस्ताचा मुलगा होता. यंत्राच्या पाटीवर त्याचं नाव आलं. विभागप्रमुखांनी मला केबिनमध्ये बोलावून सांगितलं, “तुझी टर्म माझ्या सहीवर आहे, लक्षात ठेव. आणि प्रदर्शनात जुनी पद्धतही दाखवायचीय. घरचं कुणीतरी आण.”

मी आईला आणलं. ‘आईच आण’ असं त्यांनी म्हटलं नव्हतं. ते मी केलं.

हॉलच्या एका बाजूला पाटी, ‘जुनी पद्धत’. तिथं आई, ताण्यावर वाकलेली. समोर ‘नवी पद्धत’. तिथं तो विश्वस्ताचा मुलगा, टाय लावून. मी दांडा फिरवायला.

पाहुणे आले. यंत्राचं कौतुक करू लागले. आई रुळाकडं बघत होती. तांबड्या दोऱ्याचा तिचा टाका तिनं ओळखला.

“सायेब, ह्यो तुकडा माज्या घोंगडीचा हाय. यंत्र माज्या ल्योकानं केलंय की!”

पाहुणे हसत माझ्याकडं वळले. “काय रे, खरं का?”

विभागप्रमुख माझ्याकडंच बघत होते. टर्म गेली की शिष्यवृत्ती जाणार. वसतिगृह जाणार. परत मेंढरांमागं.

मी म्हणालो, “तिला यातलं काही कळत नाही, सर.”

आईनं मान खाली घातली. कुंचा खळीत बुडवला. पुन्हा वाकली.

मग फोटोसाठी तो मुलगा ताणा ओलांडून पुढं आला. आमच्यात ताणा कुणी ओलांडत नाही. शेंबडं पोरसुद्धा वळसा घालून जातं. त्याच्या बुटानं खळीचं भांडं लवंडलं. पुसायला आईला सांगितलं. ती पदर खोचून बसलीसुद्धा.

तेव्हा माझं तोंड उघडलं. ती पुसणार नाही.

“आणि टर्म?” विभागप्रमुखांनी विचारलं.

“नका देऊ.”

टर्म गेली. वर्ष गेलं. टाळ्या त्या नकाराच्याच मिळतात. पण यंत्र माझं आहे, हे मी त्या दिवशी म्हणालोच नाही. फरशीपायी भांडलो. आईच्या शब्दापायी नाही.

परतीच्या एसटीत ती एवढंच म्हणाली, “तुजं बराबर हाय, बाळा. मला कुटं काय कळतंय?”

आई अजून आहे. यंत्र अजून त्याच विभागात, काचेमागं, त्या मुलाच्या नावाच्या पाटीसकट. यंदाच्या बक्षीस समारंभात बोलायला विभागानं मला बोलावलंय, जुना विद्यार्थी म्हणून. मी आईला घेऊन जाणार. पहिल्या रांगेत बसवणार. खळ पुसायची गोष्ट सांगणार नाही.

घरात तिचे पाय धरून हे फिटत नाही. चारचौघांत तिला खोटं पाडलं. चारचौघांतच म्हणायचंय, ‘माझी आई खरं बोलत होती.’

एवढं एक वाक्य मी तिचं देणं लागतो. अजून दिलेलं नाही.