सातव्या पायरीचं एक बोट

मला लिहायची सवय नाही. आयुष्यात माझं एकच वाक्य चारचौघांनी वाचलं आणि त्या वाक्यापायी माझ्या शाळूसोबत्याने, आमच्या मिस्त्रीने, तीन वर्षं हेलपाटे घातले. म्हणून हे लिहितोय. जमेलच असं नाही.

गावातल्या पहिल्या डॉक्टरांचं दुमजली घर आहे. डॉक्टर गेल्यावर तिथे शाळा भरली, मग गोदाम झालं, मग उंदीर राहिले. उंदरांनाही ते नकोसं झालं तेव्हा ते ऐतिहासिक ठरलं आणि जतन समिती निघाली. अक्षर बरं म्हणून मला चिटणीस केलं. बाकी लायकी कोणी विचारली नाही.

माझं काम माहितीचे फलक लिहायचं. जिन्याची सातवी पायरी बाकीच्यांपेक्षा एक बोट उंच. येणारा-जाणारा तिथे ठेचकाळायचा. कारण मला ठाऊक नव्हतं, आणि 'ठाऊक नाही' असं लिहायचं धैर्य नव्हतं. मी लिहिलं: 'चोर अंधारात अडखळावा म्हणून ही पायरी मुद्दाम उंच ठेवली आहे.' लोक खूश. आता ते अभिमानाने पडू लागले.

मिस्त्रीने फलक वाचला आणि मला कोपऱ्यात घेतलं.

"अरे शहाण्या, कसला चोर? जुना जिना वाळवीने खाल्ला, तेव्हा मी आणि बाबांनी हा नवा केला. विशीत होतो मी. त्या फळीला खालून रंधा मारायचा विसरलो, ती जाडच राहिली. बाबांच्या लक्षात आलं नाही आणि मीही तोंड उघडलं नाही. त्याच वर्षी ते गेले. चोर म्हणशील तर मीच!"

"मग आता?"

"आता बदलू दे. हिचं मनगट तिथेच मोडलं, उद्या कोणाची मान मोडेल. हात चालतायत तोवर माझी चूक मला निस्तरू दे."

वहिनी मागेच होत्या. "चोरासाठीच्या पायरीवर नेमकी मी पडले," त्या म्हणाल्या. "पायरीने घराणं बरोबर ओळखलं हो!"

समितीच्या बैठकीत अध्यक्षबाईंनी विचारलं, "मिस्त्री, पुरावा काय?"

"मी केलीय ना ती."

"ते तुम्ही म्हणता. फलकावर वेगळं लिहिलंय."

फलक लिहिणारा समोरच बोटं मोडत बसला होता. मी "ते... मी..." म्हणालो, तेवढ्यात चहा आला.

"फळी काढून बघा," मिस्त्री म्हणाला. "खालून खरबरीत निघेल."

"काढायला पुरावा लागेल."

पुरावा फळीखाली आणि फळी पुराव्याखाली. तीन वर्षं हेच चाललं. शेवटी मिस्त्रीचा उजवा हात थरथरायला लागला, तेव्हा मला माझीच लाज वाटली. घराची किल्ली चिटणिसाकडे असते. एका सकाळी मी त्याच्या दारात उभा राहिलो. "चल. आणि नवी फळी रंधा मारून आण या वेळी."

त्याने खिळे उपसले, फळी उलटी केली. खालून खरबरीतच होती. पण त्यावर पेन्सिलीचं अक्षर होतं. मिस्त्रीने चष्मा पुसला, मग फळी माझ्याकडे दिली. "तू वाच. मला दिसत नाहीये."

मी वाचलं: 'गाढवाने रंधा मारला नाही. एक बोट जास्त. आपणहून सांगतो का बघू.'

मिस्त्री सहाव्या पायरीवर बसला. मग म्हणाला, "म्हणजे बाबा वाट बघत होते." त्यानंतर नवी फळी त्याने बसवली, खिळे मी धरले, हातोडी त्याने मारली. माझा अंगठा अजून काळा आहे.

अध्यक्षबाई आधी तापल्या. अक्षर पाहिल्यावर त्यांनी जुनी फळी तत्काळ ऐतिहासिक ठरवली आणि ती जिन्याशेजारी भिंतीवर लावली. गावातली मंडळी मात्र सवयीने सातव्या पायरीला पाय उंच उचलतात, आणि पायरी आता बाकीच्यांएवढीच झाली म्हणून ठेचकाळतात.

नवा फलक मलाच लिहायचा होता. या वेळी मी आधी मिस्त्रीला विचारलं, "तो 'गाढव' गाळू का?"

"बाबांच्या अक्षराला हात लावायचा नाही," तो म्हणाला. "खाली एवढंच लिही: सांगितलं."