फोटोपुढची कॉफी

व्हिएतनाममधल्या होई आनमध्ये कुठे राहायचं, काय खायचं, काय विकत घ्यायचं, सगळं मुलीने पुण्यातूनच ठरवून दिलं होतं. मी नुसती फिरत होते.

हॉटेलची मालकीण म्हातारी होती. रोज सकाळी ती आधी नवऱ्याच्या फोटोपुढे कॉफी ठेवायची, मगच आम्हा पाहुण्यांना नाश्ता. त्या कॉफीच्या तळाशी बोटभर घट्ट गोड दूध.

"एवढी गोड?" मी एकदा विचारलं.

"त्यांना अशीच लागायची," ती मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणाली. उदबत्ती विझली की ती कॉफी स्वतःच पिऊन टाकायची.

खरंच, गेलेल्या माणसाला कसलं आलंय पथ्य!

हे गेले त्याला वर्ष होत आलं. घरी फोटोला चंदनाचा हार घातलाय. रडू येत नाही. लोक म्हणतात, सावरलीस. असेन.

संध्याकाळी बाजारात नारळाच्या गोळ्या दिसल्या, थेट नारळीपाकाचा वास. यांचा जीव की प्राण. मी डबा उचलला, उलटा केला, चष्मा लावून बारीक अक्षरं वाचू लागले.

"काय बघताय?" दुकानातल्या मुलीने विचारलं.

"बिनसाखरेच्या आहेत का?" मी म्हणाले. "आमच्या ह्यांना डायबिटीस आहे."