घराण्याचे डोळे

आमच्या घराण्याचे डोळे पिवळसर. हळदीचं बोट पुसल्यावर मागे राहतो तेवढाच रंग, बुबुळाभोवतीच्या पांढऱ्या भागात. तंजावूरच्या आम्हा मराठी लोकांत प्रत्येक घराला काही ना काही मिरवायला लागतं. कुणी पूर्वजाची तलवार मिरवतं, आम्ही डोळे मिरवायचो. बाळ जन्मलं की पापनाशमहून आत्या येई, त्याला खिडकीशी नेई, पापणी ओढून बघे आणि निकाल देई. धाकट्या बहिणीच्या वेळी ती म्हणाली होती, "हे आपलंच." माझ्या वेळी काहीच म्हणाली नव्हती. माझे डोळे आईवर गेलेले, पांढरेशुभ्र. पुढे आमच्यातल्या रीतीप्रमाणे आत्याच्याच मुलाशी माझं लग्न झालं, तरी "हिच्यात ते उतरलं नाही" हे मी माहेरी आणि सासरी सारखंच ऐकलं. बहिणीचा मला हेवा वाटायचा, अगदी मनापासून.

ती कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती. आमच्या गल्लीत नुकतीच केबल आली होती आणि ती दिवसभर टीव्हीसमोरून हलत नसे. मला पाचवा महिना होता, मी माहेरी आले होते. तिला साधा ताप आला आणि उतरलाही. पण त्यानंतर जिना चढताना ती मध्येच मटकन बसली. ओठांना रंग नव्हता. डोळे नेहमीपेक्षा जास्त पिवळे होते, पण आमच्या घरात ते कोण बघणार? लघवी कॉफीच्या डिकॉक्शनसारखी होतेय हे तिने मला कानात सांगितलं, तेव्हा मात्र मी धावत जाऊन बाबांना सांगितलं. शेजारच्या मामी कावीळ म्हणून भुईआवळ्याचा पाला वाटायला बसल्या होत्या. बाबांनी तो तसाच ठेवला आणि ऑटो बोलावली.

इस्पितळातले डॉक्टर सावकाश, समजावून बोलत. त्या शांतपणाचीच मला भीती वाटली.

"कावीळ आहे, पण यकृताची नाही," ते तमिळमध्ये म्हणाले. "रक्तातल्या लाल पेशी फुटताहेत. का फुटताहेत, ते शोधायचंय. एक तर शरीरच आपल्या पेशींना परक्या समजून मारतंय. नाही तर पेशी जन्मापासून कच्च्या आहेत आणि पाणथरी, म्हणजे प्लीहा, त्यांना मोडतेय. सूक्ष्मदर्शकाखाली दोन्हींत त्या सारख्याच दिसतात, फुगून गोल झालेल्या."

पहिल्या प्रकाराला स्टेरॉइड. दुसऱ्याला स्टेरॉइडचा काडीचा उपयोग नाही, त्यात पाणथरी काढावी लागते. दोन्ही वेगळे करणारी चाचणी त्यांनी केली होती. तिच्यावरून दुसरा प्रकार वाटत होता, पण पहिल्यातही ती कधी कधी अशीच येते, एकटीवर विसंबता येत नाही, असं ते म्हणाले. "म्हणून मला घरचं सांगा. दुसरा प्रकार आईबापांकडून येतो. घरात कुणाला काविळीचा आजार? रक्ताचा?"

बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं. काळ्या चष्म्याआडून ते म्हणाले, "नाही." आईनेही मान हलवली, मीही हलवली. आजार असता तर कदाचित लपवलाही असता. मुलगी लग्नाची होती. पण लपवण्यासारखं आमच्या मनात काही नव्हतंच.

स्टेरॉइड सुरू झालं. बहिणीचा चेहरा फुगला, भूक राक्षसासारखी वाढली, रक्त मात्र चढेना. रक्ताची बाटली लावली की जरा गालांवर रंग यायचा, मग पुन्हा पहिल्यासारखी पांढरी. एका दुपारी तिने माझा हात धरला. "अक्का, मी मरते का ग?"

"मूर्खासारखं बोलू नको," मी तिच्या अंगावर ओरडले आणि बाहेर जाऊन भिंतीला टेकून रडले.

डॉक्टरांचा शांतपणाही आता कमी झाला होता. "औषध वाढवू की पाणथरी काढू?" ते बाबांना म्हणाले. "पहिला प्रकार असेल आणि अशा अवस्थेत मी घाईने पोट उघडलं, तर जिवावर बेतेल. दुसरा असेल तर आपण नुसता वेळ घालवतोय, आणि तिच्याकडे वेळ नाही." बाबा कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवर गेले आणि त्यांनी आत्याला बोलावून घेतलं.

सकाळच्या बसने रसमभाताचा डबा घेऊन आत्या आली. कॉटजवळ येताच तिने सवयीने बहिणीचं तोंड खिडकीकडे वळवलं, पापणी ओढली आणि रडत रडत आमच्या मराठीत म्हणाली, "पाहा की, इतकं झालं तरी डोळे अस्के, सगळेच्या सगळे, आपलेच!"

डॉक्टर दारात उभे होते. त्यांना त्यातला एकही शब्द कळला नसेल. ते बहिणीकडे बघतच नव्हते, उन्हात उभ्या असलेल्या आत्याकडे बघत होते.

"अम्मा, तुम्हाला कावीळ कधीपासून आहे?"

"कावीळ? छे!" आत्याला राग आला. "हे आमच्या घराण्याचं असंच."

"पोटाचं कधी ऑपरेशन?"

"पित्ताचे खडे काढले. लग्नानंतर लगेच. भावालाही तेच झालं होतं."

डॉक्टर बाबांकडे वळले. बाबांनी हळूच काळा चष्मा काढला.

"मी विचारलं होतं तुम्हाला," डॉक्टर म्हणाले.

"तुम्ही आजार विचारला होता," बाबा म्हणाले.

बाबांचं आणि आत्याचं रक्त त्याच दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली गेलं. त्याच गोल पेशी. स्टेरॉइड उतरवत आणलं, जरा ताकद आल्यावर पाणथरी काढली आणि बहीण वाचली. आज ती माझ्याशी रिमोटवरून भांडते आणि जिंकते.

पण मला आठवते ती आत्या आली त्या संध्याकाळची डॉक्टरांची फेरी. डॉक्टर खूश होते. त्यांनी मला खिडकीशी बोलावलं. "वर बघा." त्यांनी माझी पापणी ओढली.

"स्वच्छ! रक्त तपासू, पण मला वाटतं तुम्ही सुटलात."

माझ्या डोळ्यांचं कौतुक जन्मात पहिल्यांदा होत होतं. मला हसू फुटलं, थांबवता येईना. मग त्यांची नजर माझ्या पोटाकडे गेली.

"बाळाचे वडील नात्यातले का?"

मी आत्याकडे बोट दाखवलं. "यांचा मुलगा."

"त्याचे डोळे कसे आहेत?"

मी आत्याकडे पाहिलं. इतकी वर्षं हे ती न विचारता सांगायची. आता ती डब्याचं झाकण घट्ट करत बसली होती, आधीच घट्ट असलेलं. शेवटी मलाच बोलावं लागलं.

"घराण्याचे," मी म्हणाले.