काठी, तार आणि रविवारची हजेरी

अँटेना कोणती घ्यायची हे ठरलं तेव्हा मी स्वयंपाकघरात भेंडी चिरत होते. बाहेरच्या खोलीत हे आणि मास्तर बोलत होते. मास्तर म्हणजे ह्यांचे मित्र, शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले. दोघेही हॅम आहेत. सरकारी परीक्षा देऊन, लायसन घेऊन, आपल्या रेडिओ सेटवरून दुसऱ्या गावच्या हौशी लोकांशी बोलतात त्यांना हॅम म्हणतात. ह्यांना हे करताना तीस वर्षं झाली.

आधी आम्ही हैदराबादेत नारायणगुड्याला राहत होतो. तिथं गच्चीवर ह्यांची तार कायमची ताणलेली असायची. भावाभावांनी मिळून ते घर बिल्डरला दिलं आणि आम्ही नल्लकुंट्याला फ्लॅटमध्ये आलो. इथल्या असोसिएशनने गच्चीवर काही लावायचं नाही म्हणून कळवलं. त्याच वर्षी ह्यांची नजर गेली. काचबिंदूने निम्मी आधीच नेली होती, उरलेलीही नेली.

दर रविवारी सकाळी साडेसातला दहाबारा गावांचे हॅम रेडिओवर जमतात. सोलापूर, नागपूर, गुलबर्गा, बिदर, बंगळूर. कोण आलं, कोण नाही याची हजेरी घ्यावी लागते, म्हणजे सगळे एकदम बोलत नाहीत. ती हजेरी हे घेतात. आधी वहीत बघून घ्यायचे, नजर गेल्यावर तोंडपाठ घ्यायला लागले. पेपर वाचणं गेलं, एकट्यानं रस्त्यावर जाणं गेलं, भाजीत मीठ घालणंसुद्धा गेलं. हजेरी राहिली होती. तिच्यासाठी आता बाहेर नेता येईल, बागेत लावून परत आणता येईल अशी अँटेना पाहिजे होती.

"गोल कड्यासारखी एक मिळते," मास्तर सांगत होते. "छत्रीएवढी. स्टुलावर ठेवली की झालं. पण किंमत ऐकाल तर हातातला चहा सांडेल."

"ती राहू द्या. दुसरी?"

"मोटारीवर दांडी असते तशी, खाली तारेचं वेटोळं असलेली. माझ्याकडं एक जुनी पडलीय, फुकट घेऊन जा. पण तिच्यावर आवाज जाऊन जाऊन बिदरपर्यंत."

"आणि सोलापूर?"

"सोलापूरला त्या दांडीवर ओरडण्यापेक्षा बस पकडा."

दोघं हसले. मग मास्तर म्हणाले, "आपली तारच बरी. दोन्हीकडं दहा-दहा मीटर तार, मधोमध उचलायला मासे पकडायची फायबरची काठी. सगळ्यात स्वस्त आणि आवाज सगळ्यात लांब."

"लावायला?"

"लावायला काय, दहा मिनिटं."

मी चहाचे कप उचलायला बाहेर आले होते. दोघांपैकी कोणीही माझ्याकडं बघितलं नाही. ह्यांना तर बघता येतच नाही. ती दहा मिनिटं कोणाची, हे मी विचारू शकले असते. पण परक्या माणसासमोर माझा शब्द तोंडातल्या तोंडात राहतो, लहानपणापासूनच. मास्तर म्हणाले, "वहिनी, चहा झकास," आणि मी हौ म्हणून आत गेले.

तर ती काठी आली. मिटवली की माझ्या कमरेच्या वर येते, उघडली की दोन मजले उंच. दर रविवारी पावणेसातला आम्ही ऑटोने बागेत जायचो. काठी ऑटोच्या बाहेर डोकं काढून असायची. पिशवीत सेट, जाड काळी केबल, तारेची दोन गुंडाळी, मीटर, आणि बॅटरी. त्या बॅटरीचं वजन पाण्याने भरलेल्या कळशीएवढं. ती मी डाव्या खांद्यावर घ्यायची, उजव्या हाताला हे.

ह्यांना बाकड्यावर बसवायचं. मग काठीचे तुकडे एकातून एक ओढून पिळून घट्ट करायचे. जास्त पिळले तर उतरताना अडकतात, कमी पिळले तर मध्येच धाडकन खाली येतात. शेंड्याला तार आणि केबल अडकवून काठी उभी करायची आणि जुन्या साडीच्या पट्ट्यांनी झाडाच्या खोडाला बांधायची. केबल जड, त्यामुळे शेंडा वाकतो. मग दोन्ही तारा दोन बाजूंना उतरत्या नेऊन दोन झाडांना बांधायच्या.

बागेचा वॉचमन पहिल्या दिवशी येऊन उभा राहिला होता. "क्या अम्मा, इधर पानी भी नै, मच्छी कां से पकडेंगे?" मला हसूही आलं नाही आणि बोलताही आलं नाही. ह्यांनीच त्याला लायसनचा कागद दाखवला.

एवढं झाल्यावर मीटर बघायचं. हे सेटवर क्षणभर बटण दाबतात आणि विचारतात, "काटा किती?" मी सांगायचं. शाळा चौथीपर्यंतच झाली, पण आकडे मला वाचता येतात. ह्यांनी शिकवलं होतं ते असं: काटा एकच्या जवळ असला तर उत्तम, दीड चांगला, दोन चालतो, तीनला थांबायचं. आकडा जास्त असला की तारेची लांबी कमीजास्त करायची, टोकं दुमडायची. त्यासाठी कधी तारा सोडायच्या, कधी काठीच खाली घ्यायची, मग परत उभी करून परत काटा बघायचा. एका रविवारी चारदा तरी काठी खाली यायची. पावसाने माती ओली असली की काटा वेगळा, उन्हाळ्यात वेगळा. बाकड्यावरून हे म्हणायचे, "जरा अजून दुमड," आणि मी दुमडायची.

असं वर्षभर चाललं. डावा खांदा रात्री कुशीवर झोपू देईना. ह्यांना सांगितलं नाही. सांगून काय होणार होतं? हे स्वतः उठून काठी लावणार थोडेच होते.

एका रविवारी बागेत गेलो तर आमच्या दोन झाडांखाली सतरंज्या टाकून माणसं बसली होती. वॉचमन म्हणाला, "अम्मा, आज इधर योगा है. उधर जाली के बाजू बांध लेव." लोखंडी जाळीच्या कुंपणाजवळ एक झाड होतं. काठी त्याला बांधली, एक तार जाळीजवळून न्यावी लागली.

"काटा किती?"

"तीनच्या वर."

"लोखंड आहे का जवळ?"

"जाळी आहे."

"लांब घे."

लांब घ्यायला जागा नव्हती. काठी उतरवली, थोडी सरकवली, चढवली. तीन. परत उतरवली, टोकं दुमडली, चढवली. तीनच्या जरासा खाली, मग परत तीन. योगावाले डोळे मिटून बसले होते, त्यातले दोघंतिघं एक डोळा उघडून माझ्याकडं बघत होते. साडेसातला पाच मिनिटं होती. माझा हात खांद्याच्या वर जाईना. गेलाच नाही, कितीही उचलला तरी.

"आता किती?" ह्यांनी विचारलं.

"दीड," मी म्हणाले.

"शाब्बास," हे म्हणाले आणि माईक हातात घेतला.

आवाज स्वच्छ येत होता. सोलापूरचे बोलत होते, नागपूरचे खोकत होते. ह्यांनी सगळ्यांना नमस्कार घातला आणि हजेरी सुरू करतो म्हणून सांगितलं. कोणी उत्तर दिलं नाही. ह्यांनी परत सांगितलं. मग तिसऱ्यांदा, जरा मोठ्याने, "मी इथं आहे, ऐकू येतंय का?"

सेटमधून सोलापूरचे म्हणाले, "हैदराबाद आज नाहीत वाटतं."

दुसरं कोणीतरी म्हणालं, "तब्येत असेल. डोळ्यांचं आहे ना त्यांना. किती दिवस करणार."

"आजची हजेरी मी घेतो मग."

ह्यांनी अजून दोनदा हाक मारली. मग माईक मांडीवर ठेवला. सोलापूरचे एकेकाला हाक मारत होते आणि ह्यांचे ओठ त्यांच्या आधी हलत होते. एका ठिकाणी ओठ थांबले.

"गुलबर्ग्याचे सुटले," हे हळूच म्हणाले. कोणाला म्हणाले कोण जाणे.

मी बाजूला उभी होते. तार सोडायला सुरुवात केली.

घरी आल्यावर हे म्हणाले, "काटा दीड असताना असं होत नाही. ऐकू येतंय आणि जात नाही, म्हणजे सेटच बिघडला." दुपारी जेवण झाल्यावर ह्यांनी सेटचे स्क्रू काढले आणि टेबलावर मांडून बोटांनी आतून चाचपायला लागले. एकेका तारेवरून बोट फिरवत होते. मास्तरांना फोन लावून सेट दुरुस्तीला कुठं द्यायचा ते विचारणार होते. दुरुस्तीला गेला की दोन महिने येत नाही, हे मला माहीत होतं.

मी समोर बसून तांदूळ निवडत होते. म्हणाले, "सेट ठीक आहे."

"तुला काय माहीत?"

"काटा तीनवर होता."

ह्यांचं बोट थांबलं. मग म्हणाले, "म्हणून. काटा वर असला की सेट आपली ताकद आपणच कमी करतो, जळू नये म्हणून. मग आवाज कुठला जाणार." आणि थोड्या वेळाने, "का पण?"

"खांदा वर जात नव्हता."

"सांगायचं नाही का?"

"सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, एकदाच अजून खाली घे."

"हौ," हे म्हणाले. "म्हणालो असतो."

मग विचारलं, "किती वेळा खाली घेतेस काठी?"

"चारदा. कधी पाचदा."

"मास्तर म्हणाले होते दहा मिनिटं."

"मास्तरांनी कधी लावलीय का?"

त्यावर ह्यांना हसू आलं असं वाटलं, पण आलं नाही. स्क्रू परत बसवायला घेतले. एक सापडेना, तो मी त्यांच्या हातात दिला.

दुसऱ्या दिवशी ह्यांनी मास्तरांकडून ती फुकटची दांडी मागवली. पुढच्या रविवारी तीच नेली. खरं सांगायचं तर मला फार बरं वाटलं. तीन पायांवर उभी केली, खाली चार तारा पसरल्या, झालं. काटा दीडच्याही खाली. खरंच खाली, मी दोनदा बघितला. पण काटा चांगला म्हणजे आवाज पोचला असं नाही, हे ह्यांनीच मला शिकवलं होतं. बिदरच्यांनी उत्तर दिलं. सोलापूरच्यांना अर्धे शब्द गेले. बाकीच्यांना काहीच नाही. हजेरी परत सोलापूरच्यांनीच घेतली.

ऑटोत हे म्हणाले, "सोलापूरला फोन करून सांगतो, हजेरी आता कायमची तुम्हीच घ्या. आपण नुसतं ऐकू. चालेल."

नारायणगुड्याच्या घराच्या कागदावर सही करून आले होते तेव्हाही हे असंच चालेल म्हणाले होते. त्यानंतर कितीतरी दिवस रात्रीचं जेवले नव्हते.

घरी पोचलो तेव्हा फोन ह्यांच्या हातात होता. मी म्हणाले, "फोन नक्को. लांब तारच लावू. पण काठी तुम्ही धरायची."

"मला दिसत नाही."

"काठी धरायला काय बघायचं असतं?"

"मग वर्षभर मला बाकड्यावर का बसवून ठेवलंस?"

याचं उत्तर मी दिलं नाही. ते इथं लिहिते. हे चाचपडत चालतात तेव्हा लोक बघतात. ह्यांच्याकडं बघतात आणि मग माझ्याकडं बघतात. मला ते सोसत नाही. ह्यांना बसवून मी एकटी राबले तर लोक फक्त काठीकडं बघतात. ह्यांना त्रास नको म्हणून बसवते असं मीच स्वतःला सांगत होते.

आता आम्ही सव्वासहालाच निघतो. बॅटरी अजून माझ्याच खांद्यावर असते, कारण ह्यांच्या एका हातात काठी असते आणि दुसऱ्या हातात मी. काठीचे तुकडे हे ओढतात आणि पिळतात. ह्यांच्या बोटांना बरोबर कळतं कुठं थांबायचं, माझ्यापेक्षा चांगलं कळतं. मी पट्ट्या बांधते, तारा नेते. पण वेळ दुप्पट लागतो. ह्यांचा पाय तारेत अडकतो, मी सोडवते. खाली घ्यायची म्हटलं की हे वाकून एकेक तुकडा उतरवतात आणि सगळी बाग बघत असते. मी मान खाली घालून तार दुमडत राहते. खांदा पूर्वीसारखाच दुखतो, फक्त रात्री ह्यांचा तेल लावायला हात येतो.

पहिल्या वेळी वॉचमन म्हणाला, "साब, आज आप खुद? मच्छी मिली क्या?"

"पहले पानी तो डालो," हे म्हणाले.

त्या दिवशी काठी तिसऱ्यांदा चढवली तेव्हा सात वाजून वीस मिनिटं झाली होती. ह्यांनी बटण दाबलं. "काटा किती?"

"दोन."

"दोन?"

"दोन. परत उतरवायची का?"

हे काठीला हात लावून उभे होते. "तू सांग."

"मला नाही जमणार."

"मग दोनवरच बोलू," हे म्हणाले आणि हाताने बाकडं शोधून बसले.

सोलापूरच्यांनी ह्यांचा आवाज ओळखला. नागपूरपर्यंत काही नीट पोचला नाही, तेवढं सोलापूरच्यांनी पुढं सांगितलं. हे एकेक गाव घेत होते, न चुकता. मी बाकड्याच्या दुसऱ्या टोकाला बसले, चप्पल काढून पाय गवतावर ठेवले. गवत ओलं होतं. डोळे मिटले. अर्ध्या तासाने काठी उतरवायची होती.