पोलादी छडी

शिलाई मशीनच्या तेलाचा वास आला की बायकोसोबतची शेवटची धड संध्याकाळ आठवते. पूर्णेवरून मासे धरून आलो होतो, अन् एका गोऱ्या साहेबानं विलायतेले जाताना दिलेली गळाची पोलादी छडी दोघांनी त्याच तेलानं पुसली. बडनेऱ्यातले लोक तिच्या वजनाले हसत, म्हणून ती घेऊन जायले मी भंगारवाल्याले सांगून ठेवलं होतं. बायको म्हणाली, "बांबू दर पावसाळ्यात चिरते. हे वाकते अन् पुन्हा सरळ होते. काहून विकून राहिले तुमी?" मी खेकसलो, "तुले काय समजते?" त्यानंतर ती तापानं पडली ते उठलीच नाही. तिले जाळून आलो अन् दुसऱ्या दिवशी सकाळी भंगारवाला दारात उभा. छडी आज म्हातारपणीही माझ्यापाशीच आहे. त्या सकाळी मी त्याले आमच्या दोघांचा लोखंडी पलंग देऊन टाकला.